गादीत मुरलेला उन्हाळा

गादी शनिवारी सकाळी परत आली. दोन हमालांच्या डोक्यावर गादी आणि मागे तिचा मालक. त्याचे डोळे तांबारलेले आणि सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली.

“काय झालं? टोचते का?” गादीवाल्याने विचारलं.

“बोलते,” गिऱ्हाईक म्हणालं.

गाद्या टोचतात, खचतात, मधोमध खड्डा पडून भांडलेल्या नवरा-बायकोला नको तेव्हा एकत्र आणतात. अशा तक्रारी गादीवाला वडिलांच्या वेळेपासून ऐकत आला होता आणि प्रत्येकीवर त्याच्याकडे उत्तर तयार असायचं. ‘बोलते’वर नव्हतं. त्याने गादी जमिनीवर पसरली, गुडघे टेकले आणि कान लावला. आत, खूप खोलवर, कोणीतरी पत्र्याच्या पिंपावरून साखळी ओढत होतं. ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. गादीवाल्याने झटकन कान काढला, कारण ती साखळी त्याच्या ओळखीची होती. तिसऱ्या रेकॉर्डची दुसरी बाजू.

“कापूस ओला राहिला असेल,” तो उठत म्हणाला. “ओला कापूस जरा कुरकुरतो.”

“कुरकुरत असती तर चालवून घेतलं असतं हो. बायको माहेरी जाऊन झोपते. म्हणते, तिथली गादी गप्प असते.”

गल्ल्यावर बसलेली गादीवाल्याची बायको हे सगळं ऐकत होती. तिने गिऱ्हाइकाची समजूत घातली, त्याला मोठ्या मनाने दोन उशा फुकट दिल्या, हमालांना पाणी दिलं आणि सगळे गेल्यावर नवऱ्याकडे वळली.

“काय घालता तुम्ही गाद्यांच्या पोटात?”

“कापूस.”

“आणि कापसात काय जातं?”

गादीवाल्याने खिशातला दाभण काढून बघितला, जणू उत्तर त्याच्या टोकावर असावं. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. दुकानामागच्या गोदामात पिंजलेला कापूस छतापर्यंत रचलेला असे, आणि त्या कापसाच्या मधोमध दर रविवारी दुपारी जर्मन मंडळ भरत असे.

मंडळात जर्मन कोणी नव्हतं आणि जर्मन कोणाला येतही नव्हतं. पण फार वर्षांपूर्वी त्या देशातल्या केसाळ पोरांना म्हणे एकदा गाण्यांचाच कंटाळा आला. ध्रुवपद नको, चाल नको, प्रेम तर नकोच, असं म्हणून ती गिटारी घेऊन पडक्या गिरण्यांत शिरली आणि एकच सूर अर्धा अर्धा तास वाजवू लागली. त्यातल्या एका बँडच्या चार रेकॉर्डी हे मंडळाचं सर्वस्व. बँडचं नाव उच्चारताना अध्यक्षांची कवळी निसटायची, म्हणून मंडळात नुसतं ‘आपले लोक’ म्हणत. आपल्या लोकांच्या पहिल्या रेकॉर्डवर एक पंखा होता. दुसरीवर तोच पंखा बिघडलेला होता. तिसरीवर साखळी, आणि चौथीवर इतकं काही नव्हतं की ती ऐकून उठताना माणसाला आधार लागायचा.

अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते. जन्मभर लोकांच्या दाढांवर ड्रिल चालवल्यामुळे त्यांचं ठाम मत होतं की जे मुळापर्यंत जाऊन दुखत नाही ते संगीतच नव्हे. दुसरा सभासद लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला सगळे लिफ्टवाला म्हणत. तो आठवडाभर लिफ्टच्या विहिरीत मोटारीचा आवाज ऐके आणि रविवारी मंडळात येऊन म्हणे, “सुट्टीच्या दिवशीही कामावर असल्यासारखं वाटतं. बरं वाटतं.” तिसऱ्या भूलतज्ज्ञ बाई. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट पुरता झोपलाय की नाही हे ओळखण्यात त्यांची हयात गेलेली, त्यामुळे मंडळातलं सर्वांत जोखमीचं काम त्यांच्याकडे होतं. त्या सगळ्यांच्या पायांवर लक्ष ठेवत. चौथा गादीवाला स्वतः.

कारण मंडळाचे नियम कडक होते. गाद्यांनी भरलेल्या त्या जागेत चौघंही लाकडी स्टुलांवर ताठ बसत. ज्याची पाठ सुखात त्याचे कान आळशी, असं अध्यक्ष म्हणायचे. हसायला बंदी नव्हती, तशी वेळच कधी आली नव्हती. पण पाय हलवायला बंदी होती. ज्याचा पाय ठेक्यावर हलला तो संगीत ऐकत नाही, संगीताकडून लाड करून घेतो. पूर्वी पाचवा सभासद म्हणून एक बेकरीवाला होता. चौथ्या रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला त्याची टाच उचलली गेली. त्याने पायात गोळा आल्याचं सांगितलं, पण बाईंनी त्याची पोटरी दाबून बघितली आणि मान हलवली. तेव्हापासून तो घरी अकॉर्डियन ऐकतो म्हणे. तब्येतीने ठणठणीत आहे, पण त्याचा विषय मंडळात कोणी काढत नाही.

आणि गोदामच का, तर कापसामुळे. कापूस प्रतिध्वनी गिळतो. दुसरीकडे कुठे बसून बघितलं तर आपले लोक न्हाणीघरात वाजवत असल्यासारखे वाटायचे.

आता कापूस गिळतो तर गिळलेलं जातं कुठे, हा प्रश्न इतक्या वर्षांत एकालाही पडला नव्हता. चौघंही शिकलेसवरलेले.

“हे बघा,” बायको म्हणाली, “आपल्या गाद्या नेलेले ते हॉटेलवाले परवा काय सांगत होते ऐकलंत ना? गिऱ्हाइकं भल्या पहाटे उठतात आणि कोणी न सांगता दरवाज्यापाशी रांग लावतात. का, तर कामावर जायचंय. फिरायला आलेली माणसं ती. असंच चाललं तर सासऱ्यांनी उभं केलेलं दुकान तुम्ही जर्मनांच्या घशात घालणार. मंडळ तरी बंद करा, नाहीतर कापूस तरी शहाणा करा.”

दुकान तर गादीवाल्याच्या जिवाभावाचं होतंच. पण मंडळ सोडायच्या नुसत्या विचाराने त्याला पोरकं वाटलं. त्याचं दुखणं त्याच्या धंद्यात होतं. दुकानात येणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा त्याच्यासमोर आडवा व्हायचा, डोळे मिटायचा आणि त्याचं बोलणं अर्ध्यावर असताना घोरायला लागायचा. सबंध आयुष्यात त्याच्यासमोर जागं राहून ताठ बसणारी माणसं तेवढी तीनच. अध्यक्ष तर त्याला ‘गादीवाले, तुमचं काय मत?’ असंही विचारत. मत कोणी मानत नसे, पण विचारत असत.

म्हणून त्याने कापूस शहाणा करायचं ठरवलं. आधी सगळा ढीग पुन्हा पिंजून काढला. त्याने एवढंच झालं की साखळीचे तुकडे पडले आणि गाद्या अधूनमधून दचकून बोलायला लागल्या. मग कापूस गच्चीवर उन्हात घातला. थंडीचे दिवस, ऊन नावाला. गुणगुण थोडी कमी झाली, पण गच्चीवरची कबुतरं कायमची उठून गेली. मग वाटलं, वर दुसरं काही मुरवलं तर खालचं दबेल. त्याने गोदामात दिवसभर रेडिओ लावून ठेवला. त्या कापसाच्या गादीवर झोपलेली एक आजीबाई सकाळी उठून घरच्यांना धुण्याच्या पावडरीचे फायदे सांगू लागली, तेव्हा तोही नाद सोडावा लागला.

उरली पाचवी.

आपल्या लोकांची पाचवी रेकॉर्ड मंडळाच्या फळीवर सगळ्यांत कडेला होती, चेहरा भिंतीकडे करून ठेवलेली. शाळेत खोडी काढलेल्या पोराला उभं करतात तशी. तिच्याबद्दल मंडळाचं मत एकमुखी होतं. चौथीनंतर ते लोक खेडेगावात राहायला गेले, उन्हात बसले आणि बिघडले. पाचवी हलकी आहे. पाचवी उन्हाळी आहे. पाचवी, लिफ्टवाल्याच्या शब्दांत, “जिन्याने जाणाऱ्या माणसांसाठी” आहे. हे मत बनवायला ती कोणी ऐकलेली नव्हती, आणि ऐकायची गरजही कोणाला वाटली नव्हती. अध्यक्षांची बायको ज्या हिवाळ्यात गेली त्याच हिवाळ्यात त्यांनी ती घरून कापडी पिशवीत घालून आणली होती. संग्रह पुरा असावा, एवढंच म्हणाले आणि स्वतःच्या हाताने तिला भिंतीकडे वळवून ठेवलं.

बुधवारी दुपारी, बायको पुढे गिऱ्हाइकात असताना, गादीवाल्याने ती काढली. वेष्टनावर पिवळट पडलेला फोटो होता. चार केसाळ माणसं गवतात उभी, एकाच्या हातात बागेला पाणी घालायची नळी, बाकीचे भिजलेले. त्याने तबकडी बाहेर काढून उजेडात धरली आणि तो चमकला. मंडळाच्या चारही रेकॉर्डी जपून वापरलेल्या, काळ्या कुळकुळीत. ही मात्र झिजून राखाडी झाली होती. जी कोणी कधी ऐकली नाही तिच्यावर सुईने वर्षानुवर्षं घरोबा केलेला दिसत होता. गादीवाल्याने याचा फार विचार केला नाही. त्याने सुई टेकवली.

सुरुवातीला नुसतं पाणी आलं. बागेत फिरणारा फवारा, चक चक चक, आणि वळून परत. त्या फवाऱ्याच्याच चालीवर ढोल सुरू झाला, आणि गादीवाल्याने ढोलवाल्याला तत्काळ ओळखलं. तोच माणूस. पहिल्या रेकॉर्डपासूनचा तोच हटवादी, मान खाली घालून चाललेला ठेका. फक्त आजवर तो डोक्यावर पोतं घेऊन चढ चढत होता, आणि आता रिकाम्या हाताने उतरणीवरून येत होता. मग गिटार आली. एक लहानसं वाक्य बोलली, विसरली, आठवून पुन्हा बोलली. तिला घाई कशाचीच नव्हती. मध्येच वाजवणाऱ्यांपैकी कोणीतरी हसलं आणि ते हसू त्यांनी तसंच राहू दिलं होतं.

गादीवाला कापसाच्या ढिगाला टेकून उभा राहिला. गाणं हे आताही नव्हतंच. ध्रुवपद नव्हतं, सूर म्हणाल तर दोन, तेच तेच. बिघडलं कुठे काय होतं? तीच माणसं, तोच हट्ट, फक्त कोणीतरी खिडकी उघडली होती. चार रेकॉर्डी इतकं जड वाजवल्यावर, सगळी शहाणी माणसं आणखी जडाची वाट बघत बसलेली असताना, हलकं वाजवायला किती हिंमत लागली असेल, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला एकदम भरून आलं. त्याला हे आवडलं होतं. मनापासून आवडलं होतं. त्याने खाली बघितलं तर उजव्या पायाचा अंगठा चपलेत वरखाली होत होता. त्याने घाबरून आजूबाजूला पाहिलं. भूलतज्ज्ञ बाई नव्हत्या.

दारात बायको उभी होती. हातात उशीची खोळ तशीच.

“हे कोण?” तिने विचारलं.

“तेच.”

“तेच? मग इतकी वर्षं काय झालं होतं त्यांना?”

ती आत आली, कापसावर टेकली आणि बाजू संपेपर्यंत उठली नाही. पुढे गिऱ्हाईक हाका मारत होतं.

त्या कापसाच्या गाद्या आठवड्यात विकल्या गेल्या, आणि पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकं परत आली. त्यांना रस्त्यावरून येताना बघून गादीवाल्याचं धाबं दणाणलं. पण गादी कोणाच्याच डोक्यावर नव्हती. एक जण म्हणाला, आणखी एक द्या, सासूबाई उठायलाच तयार नाहीत, आम्ही कुठे झोपायचं? गादी बदलून मिळालेलं साखळीवालं गिऱ्हाईक भर थंडीत अर्ध्या चड्डीत आलं आणि बायको माहेराहून परतल्याची बातमी देऊन गेलं, येताना आईलाही घेऊन आली होती. हॉटेलवाल्यांनी कळवलं की रांगा बंद झाल्या, आता लोक दुपारपर्यंत लोळतात आणि समुद्र कुठल्या बाजूला आहे ते विचारतात. समुद्र त्या गावाला नव्हता.

दुकान सावरलं. बायको गल्ल्यावर बसून गुणगुणू लागली. रविवारी मंडळ कापसात साखळ्या सोडायचं आणि सोमवार ते शनिवार गादीवाला वरून पाचवी मुरवायचा, असा संसार सुरळीत चालू झाला. चाललाही असता, पण गादीवाल्याच्या नाकाचं साल निघू लागलं.

“तुम्हाला ऊन लागलंय,” रविवारी स्टुलावर बसता बसता भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

“मला? छे. या दिवसांत कुठलं ऊन?”

“तेच म्हणते मी. मानेवर बघा, सदऱ्याच्या कॉलरची रेघ उमटलीये.”

लिफ्टवाल्याने पुढे वाकून हुंगलं. “गवताचा वास येतोय,” तो म्हणाला. “कापलेल्या गवताचा.”

अध्यक्ष फळीकडे बघत होते. त्यांचे डोळे खोल गेलेले, खाली काळी वर्तुळं. बायको गेल्यापासून त्यांना धड झोप नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते त्याला झोप न येणं म्हणत नसत, जागरूकता म्हणत. त्यांची नजर फळीच्या कडेला थांबली. गादीवाल्यानेही तिकडे पाहिलं. शनिवारी घाईत त्याने पाचवी परत ठेवली होती ती सरळ. चार भिजलेली माणसं नळी घेऊन मंडळाकडे बघत होती.

“कोणी काढली?” अध्यक्षांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

बायकोवर ढकलता आलं असतं. ती तर म्हणालीही होती, वेळ आली तर माझं नाव सांगा, मला कुठे स्टूल हवंय. गादीवाला उभा राहिला.

“मी,” तो म्हणाला. “कापसासाठी काढली होती. पण नंतर कापसासाठी नाही ऐकली. मला आवडली, अध्यक्ष.”

लिफ्टवाल्याने स्टूल थोडं लांब ओढलं.

“आवडली,” अध्यक्ष म्हणाले. “ही रेकॉर्ड, जी आजवर कोणीही ऐकलेली नाही.”

इथे गादीवाल्याच्या जिभेवर एक वाक्य आलं. तबकडी उजेडात धरा, एवढंच म्हणायचं होतं. झीज सगळ्यांना दिसली असती, आणि ती ज्या घरातून आली त्या घरात कोण राहतं हेही सगळ्यांना माहीत होतं. त्याचं स्टूल वाचलं असतं, कदाचित अध्यक्षांचं गेलं असतं. त्याने अध्यक्षांकडे पाहिलं. ते त्याच्याकडे बघत नव्हते, आपल्या कवळीशी जिभेने चाळा करत बसले होते, आणि एकदम फार म्हातारे दिसत होते. गादीवाल्याने ते वाक्य गिळलं.

“हो,” तो म्हणाला. “आजवर कोणीच ऐकली नव्हती.”

निवाडा ठरला. पुढच्या रविवारी मंडळासमोर पाचवी पूर्ण वाजवायची, दोन्ही बाजू. गादीवाल्याने अनवाणी बसायचं. पाय हलला नाही तर झाल्या प्रकाराला कापसाची दुरुस्ती समजून माफी. हलला तर स्टूल रिकामं करायचं, आणि मंडळ दुसरी जागा बघेल, न्हाणीघर का असेना.

“पायाला वजनं बांधा,” बायकोने त्या आठवड्यात सुचवलं. “नाहीतर मी टाचा खोळीला शिवून देते. बारीक टाका घालते, दिसणार नाही.”

“नको.”

“मग हलणार की तो.”

“हलेल,” गादीवाला म्हणाला. “काय करू? जाईल स्टूल.” आणि बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोला इतके दिवस वाटत होतं की नवरा जर्मनांच्या नादी लागलाय. तो माणसांच्या नादी लागला होता हे तिच्या ध्यानात पहिल्यांदाच आलं.

रविवारी सगळे वेळेच्या आधी आले. भूलतज्ज्ञ बाईंनी चष्मा पुसला आणि स्टूल गादीवाल्याच्या पायांसमोर ओढून घेतलं. अडचण अध्यक्षांची झाली.

“मी हजर राहीन,” ते म्हणाले, “पण ऐकणार नाही.”

“ऐकणार नसाल तर स्टुलावर कसे बसणार?” लिफ्टवाल्याने विचारलं. तो नियमाचा माणूस होता. “स्टूल ऐकणाऱ्यासाठी आहे. न ऐकणारा स्टुलावर बसला तर ती फसवणूक.”

अध्यक्षांनी विचार केला. त्यांनीच केलेला नियम, त्यांनाच मोडता येईना. “मग उभा राहतो.”

“दोन बाजू उभे राहणार? या वयात?” दारातून गादीवाल्याची बायको म्हणाली. तिने कोणाची वाट न बघता एक गादी ओढत आणली, आठवड्यातलीच, ताज्या कापसाची, आणि भिंतीपाशी पसरली. “टेका इथे. ऐकायचंच नाहीये तर पाठीला शिक्षा कशाला?”

या युक्तिवादात कोणालाच खोट सापडली नाही. अध्यक्ष बूट काढून गादीवर आडवे झाले, मंडळाकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून, इतकी वर्षं ती रेकॉर्ड होती तसे.

गादीवाल्याने सुई टेकवली आणि जागेवर जाऊन अनवाणी बसला.

फवारा सुरू झाला, चक चक चक. ढोल उतरणीला लागला. गादीवाल्याने पायांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तो छताकडे बघत राहिला. गिटारने आपलं वाक्य बोलून विसरायला सुरुवात केली. गोदाम हळूहळू तापू लागलं. लिफ्टवाल्याने आधी मफलर काढला, मग स्वेटर, आणि दोन्हींची घडी मांडीवर ठेवली. तो हसण्याचा तुकडा आला तेव्हा गादीवाल्याला जाणवलं की आपला पाय केव्हाचाच हलतोय. अंगठा नाही, सबंध पाऊल, मोकळेपणी, गोदामाच्या फरशीवर. त्याने तो थांबवला नाही. स्टूल गेलं म्हणायचं. त्याने मान खाली केली आणि बाईंच्या निकालाची वाट बघितली.

बाई त्याच्या पायाकडे बघत नव्हत्या.

त्या मान वळवून गादीकडे बघत होत्या. अध्यक्षांचे पाय, राखाडी मोजे घातलेले, ज्यांतल्या एकाच्या अंगठ्याला भोक होतं, गादीच्या कडेवर हलत होते. थोडे चुकत, मग ठेका सापडून, मग दोन्ही एकदम.

“अध्यक्षांचा पाय,” लिफ्टवाला कुजबुजला. त्याच्या चेहऱ्यावर लिफ्टची वायर तुटल्याची भीती होती.

बाई उठल्या. गादीजवळ गुडघे टेकून त्यांनी अध्यक्षांचं मनगट धरलं, डोळ्याची पापणी हलकेच उचलून बघितली, श्वास ऐकला.

“झोपलेत,” त्या म्हणाल्या. “गाढ.”

“पण पाय हलला ना. नियम...”

“तुमच्या नियमात पाय हलला की माणूस बाहेर,” बाई हळूच म्हणाल्या, अध्यक्षांचं मनगट तसंच धरून. “आमच्याकडे ऑपरेशन झाल्यावर आम्ही पायाकडेच बघत बसतो. तो हलला की कळतं, माणूस परत आला.”

पहिली बाजू संपली. गादीवाल्याने अनवाणीच जाऊन तबकडी उलटली. दुसऱ्या बाजूला फवारा नव्हता, फक्त गिटार आणि ढोल आणि लांब कुठेतरी एक मधमाशी. लिफ्टवाला आपल्या गुडघ्यांवर हात दाबून बसला होता, पण त्याचे खांदे त्याचं ऐकत नव्हते. दारातली बायको उघड उघड डोलत होती, तिला कोण काय करणार होतं?

दुसरी बाजू संपल्यावर अध्यक्ष जागे झाले. ते तसेच पडून राहिले, भिंतीकडे तोंड करून.

“ती याच बाजूवर नाचायची,” ते म्हणाले. “दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत. पेशंट बसलेले असायचे सुजलेले गाल धरून आणि ही नाचायची. त्यांनाही उठवायची. मी आतून ओरडायचो, बंद कर ते हलकंसलकं.” ते थांबले. “करायची बंद.”

भूलतज्ज्ञ बाईंनी त्यांचं मनगट सोडलं आणि हात हातात घेतला. गादीवाल्याला वाटलं काहीतरी म्हणावं, पण जे होतं ते त्याने मागच्या रविवारीच गिळलं होतं.

अध्यक्ष कुशीवर वळले. आता त्यांचं तोंड मंडळाकडे होतं. गालावर गादीचे टाके उमटले होते आणि नाकाचा शेंडा लालसर झाला होता. त्यांनी तिघांच्याही पायांवरून नजर फिरवली, मग स्वतःच्या मोज्यातल्या भोकाकडे बघितलं.

“गादीवाले,” ते म्हणाले, “परत लावा. पहिल्यापासून.” आणि जरा थांबून, “मी ऐकत नाहीये.”

“नाही, नाही,” गादीवाला म्हणाला.

त्याने सुई उचलली. भूलतज्ज्ञ बाई उठल्या, आपलं स्टूल उचललं, ते उलटं फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि सगळ्यांच्या पायांकडे पाठ करून बसल्या.